साहेबांचा सांडा आणि आमचा जुना देव्हारा

माझी सरकारी नोकरी एका सरड्यानं खाल्ली. तो शाकाहारी होता, हे विशेष.

आता नोकरी म्हणावी अशी नोकरी ती नव्हतीच म्हणा. ठाण्याच्या मिठाच्या कचेरीत मी उमेदवार होतो. हल्लीच्या मंडळींना उमेदवार म्हणजे काय ते सांगायला हवं. कारकुनासारखं काम करायचं, कारकुनासारखी पगडी घालायची, कारकुनासारखी बोलणी खायची, फक्त पगार तेवढा घ्यायचा नाही. कधीतरी एखादी जागा रिकामी होईल, साहेबांची नजर नेमकी आपल्याकडे वळेल आणि आपण कायम होऊ, या आशेवर मांडी घालून बसायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या गोविंदरावांना तर उमेदवारीतच टक्कल पडलं होतं.

त्या वर्षी ऐन थंडीत चिंतोपंत नावाच्या म्हाताऱ्या कारकुनानं घरी बसायचं ठरवलं आणि आमच्या कचेरीत एक जागा रिकामी झाली. उमेदवार दोनच, गोविंदराव आणि मी. त्या दिवसापासून गोविंदराव माझ्याआधी कचेरीत येऊ लागले. मग मी त्यांच्याआधी येऊ लागलो. शेवटी शिपाई येऊन कुलूप काढीपर्यंत आम्ही दोघं पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसू लागलो.

साहेब नवीनच सिंध प्रांतातून बदलून आले होते. मराठीच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात उतरले होते, त्यामुळे त्यांचं मराठी आम्हा कोणालाच नीट कळत नसे. एके दिवशी ते टोपीचं खोकं काखोटीला मारून बाहेर आले आणि म्हणाले, "मंडळी, मी भगिनीच्या विवाहास्तव पुण्यास गमन करीत आहे. तेथे शीत फार. या प्राण्यास शीत मानवत नाही. आपणांपैकी कोणाच्या गृही हा उष्ण राहील?"

त्यांनी झाकण उघडलं. आत वीतभर लांबीचा, काटेरी शेपटीचा, मातकट रंगाचा एक सरडा होता. त्याचं नाव जॉनी. सिंधच्या वाळवंटात साहेबांच्या तंबूत स्वतःहून शिरलेला, आणि तेव्हापासून साहेबांच्या मर्जीतला. (मर्जीत शिरण्याची इतकी सोपी वाट मला कधी सापडली नाही.) सगळी कचेरी एकदम कामाला लागली. कोणी दौतीत बघू लागलं, कोणी दप्तर सोडून पुन्हा बांधू लागलं. गोविंदरावांनी मान खाली घातलेली मी पाहिली आणि मनात म्हटलं, विष्णू, हीच वेळ.

"आमच्या घरी राहील, साहेब," मी उठून म्हणालो.

"उत्तम. याचा पिंजरा आगबोटीत मोडला. तरी याचे निवासस्थान योग्य असावे, उष्णता अखंड असावी. परत आल्यावर हा सुखी दिसला, तर चिंतोपंतांच्या स्थानाविषयी आपण बोलू."

"आणि दुःखी दिसला तर, साहेब?"

"तर आपण बोलणार नाही."

आमचं घर कोपरीत, रुळांच्या पलीकडे. मागे मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. घरात मी धरून चारच माणसं. वडील, म्हणजे नाना, मामलेदार कचेरीत होते. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांना वेळेआधीच घरी बसावं लागलं. बसले ते बसलेच. त्यांना उठवायला एक माणूस लागे आणि बसवायला दोन. घरातला एकजण तरी सरकारात कायम असावा, ही त्यांची एकच इच्छा उरली होती, आणि ती ते मला रोज जेवताना ऐकवत. तिसरी नानांची थोरली बहीण, माझी आत्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत भल्याभल्या शास्त्र्यांना घाम फोडणारी. आणि चौथं माझं कुटुंब, म्हणजे बायको. ती कमी बोले, पण बोलली की इतरांना बोलायला फारसं काही शिल्लक राहत नसे.

मी ओटीवर खोकं उघडलं. नाना बसल्या जागेवरून वाकले.

"हा सरडा नव्हे," ते म्हणाले. "हा सांडा. याचं तेल गुडघ्यांना फार उत्तम."

"नाना, हा साहेबांचा आहे."

"सगळं नको रे. थोडंसंच काढू."

"सांड्याचं थोडंसं तेल निघत नसतं, नाना. तेल निघालं की सांडा उरत नाही."

"मग साहेबाला विचार, दुसरा आहे का."

तेवढ्यात आत्या माजघराच्या दारात आली. "विष्णू, ते जनावर माझ्या चुलीकडे वळलं, तर या घरात ते तरी राहील नाहीतर मी," असं ती म्हणते आहे तोच जॉनी खोक्यातून निघाला, माझ्या हातावरून खांद्यावर आणि खांद्यावरून थेट पगडीवर जाऊन बसला.

नानांनी पंचांग मागवलं. अंगावर पाल पडल्याचं आणि सरडा चढल्याचं फळ पंचांगात अवयवागणिक दिलेलं असतं. नानांनी बोट फिरवत फिरवत ओळ गाठली आणि म्हणाले, "डोक्यावर चढला तर राज्यप्राप्ती."

मला चिंतोपंतांची गादी दिसू लागली.

"पण तो तुझ्या पगडीवर चढला आहे," नाना पुढे म्हणाले, "आणि पगडीचं फळ यात दिलेलं नाही."

"फळ काही असो, आंघोळ आहे," आत्या म्हणाली. मी विहिरीवर गेलो. पौषातलं पाणी होतं. साहेबांच्या प्राण्याला शीत मानवत नव्हतं, माझ्याबद्दल कोणी विचारलं नाही.

आता प्रश्न निवासस्थानाचा. सुताराकडे गेलो तर तो म्हणाला, शिमग्यानंतर बघू. टोपीच्या खोक्यात जॉनी सारखा भिंतींना नखं मारी. मांजर बाहेर येरझाऱ्या घाली, आणि नाना मांजराकडे न बघता जॉनीकडेच बघत, ते मला जास्त काळजीचं वाटे.

"माळ्यावर जुना देव्हारा आहे," माझं कुटुंब म्हणालं.

गोष्ट अशी की, दिवाळीत आत्याचे देव नव्या सागवानी देव्हाऱ्यात गेले होते. जुना खाडीत शिरवायचा, म्हणजे विसर्जित करायचा होता, कारण देवाचं लाकूड चुलीत घालत नाहीत. पण शिरवायला नेणार कोण? नानांचे गुडघे तसे, आणि मी सकाळपासून कचेरीच्या पायरीवर! म्हणून तो माळ्यावर पडून होता. खाली काढून पाहिला तर, काय सांगू, सुतारानं जॉनीचं माप घेऊनच केलेला. पुढे जाळीची दोन दारं, आत चढउतार करायला दोन पायऱ्या, मागे फळी, वर कळस.

"देवाच्या जागी जनावर?" आत्यानं पदर खोचला.

नानांनी निवाडा दिला. "अक्का, देव उठवले, अक्षता टाकल्या, की ते नुसतं लाकूड."

"लाकूड असलं तरी त्याला सवय आहे," आत्या म्हणाली. या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

"खातं काय ते?" तिनं लांबूनच विचारलं.

"पाला, फुलं, भिजवलेली डाळ."

"मांसमच्छी?"

"साहेब म्हणाले, फारसं शिवत नाही."

आत्याच्या सांगण्यावरून कुटुंबानं जॉनीपुढे कांद्याची फोड धरली. जॉनीनं एकदा पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मग जास्वंदीचं फूल धरलं. ते त्यानं देठासकट खाल्लं. आत्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैलावला. "या घरातल्या पुरुषांपेक्षा बरा आहे," असं म्हणून ती आत गेली, आणि देव्हाऱ्याची परवानगी मिळाली असं आम्ही धरून चाललो.

राहता राहिली उष्णता. वाचकहो, ठाण्यात माणसं आयुष्यभर वारा कुठून येईल याचा विचार करतात. घरात ऊब कशी आणावी हे आमच्या सात पिढ्यांत कोणाला सुचलं नव्हतं. मी पहिल्यांदा देव्हाऱ्यात घासलेटचा कंदील ठेवला. जॉनी तासाभरात काळाकुट्ट झाला. मला वाटलं, या जातीचा रंग बदलतो म्हणतात तो हा. कुटुंबानं ओल्या फडक्यानं पुसला तेव्हा फडकं काळं झालं आणि जॉनी पूर्ववत झाला. मग मी शेगडी पेटवली, तिच्यावर वाळूची परात ठेवली आणि परातीवर जॉनीला. तो चारही पाय पाळीपाळीनं उचलू लागला. माझ्या हातून निसटून तो आत्याच्या वाळत घातलेल्या सोवळ्यावर जाऊन बसला. ते सोवळं पुन्हा धुतलं गेलं आणि मीही.

दुसऱ्या दिवशी मी निखारे बेताचे ठेवले. इतके बेताचे, की पहाटे विझून गेले. सकाळी देव्हाऱ्याचं दार उघडलं तर जॉनी पायरीवर आडवा. काळपट, गार, लाकडासारखा ताठ. मी त्याला हलवलं. तो हलला, पण काठी हलते तसा.

"गेला," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे गोविंदराव चिंतोपंतांच्या गादीवर लोड सरळ करताना दिसत होते.

नानांनी शोभेल इतका वेळ जाऊ दिला. मग हळूच म्हणाले, "विष्णू, आता गेलाच आहे, तर साहेबांची हरकत नसावी. कढई..."

"नाना!"

कुटुंबानं जॉनीला सुपात घेतलं आणि न्हाणीतल्या चुलाणापाशी नेऊन ठेवलं. आंघोळीचं पाणी तापत होतं. पाणी कोमट झालं तेव्हा जॉनीचा एक डोळा उघडला. वाफ येऊ लागली तेव्हा दुसरा. पाणी उकळेपर्यंत तो पिवळाधमक झाला होता आणि सूप खात होता.

तेव्हा आम्हाला त्याचं तंत्र कळलं. गार पडला की काळा आणि ताठ, ऊब लागली की सोन्यासारखा पिवळा आणि भुकेला. त्या दिवसापासून साहेब परत येईपर्यंत मी कचेरीत गेलोच नाही; साहेबांचंच काम होतं ते. ओटीवर सकाळचं ऊन येतं म्हणून देव्हारा ओटीवर भिंतीशी मांडला. खाली तांब्याची परात, तिच्यात कढईत तापवलेली वाळू. आणि दोन्ही बाजूंना दोन समया, कारण तेलाचा दिवा मंद, एकसारखा जळतो आणि कंदिलासारखी काजळी धरत नाही. अखंड दिवा राखायची अक्कल आमच्या घरात एकट्या आत्याला. तिची मनधरणी केली. ती जनावराला हात लावणार नव्हती, पण दिवा तो दिवा.

आता समई म्हटली की आत्याचा हात हळदकुंकवाकडे आपोआप जाई. समईखाली रांगोळी नसली तर तिला चैन पडेना. जॉनीला न्याहारीला फूल लागे, ते ती लांबूनच पायरीवर ठेवी, आणि फूल ठेवल्यावर हात जोडले जात. सवयच ती. मी या सगळ्यात फक्त उष्णता बघत होतो. शिवाय देव्हाऱ्याला हात लावायचा तर आंघोळ करूनच, असा आत्यानं नियम घातला. वाळू गार झाली की मी आंघोळ करी, ओलेत्यानं वाळू बदली, पुन्हा गार झाली की पुन्हा आंघोळ. जॉनी उबेत असे आणि मी दिवसभर कुडकुडत असे.

नानांनी आपली घोंगडी देव्हाऱ्याशेजारी आणली. परातीच्या बाजूला पाय पसरून ते तासन्‌तास बसत. म्हटलं बसू दे, तेलाचा विचार तरी सुटेल.

अशा एका सकाळी जानकीबाय आली. जानकीबाय आमच्या मागच्या आगरी वस्तीतली. नवरा मिठागरावर, आणि ही डोक्यावर भाजीची टोपली घेऊन दारोदार. तिनं टोपली ओटीवर टेकवली आणि तिची नजर भिंतीकडे गेली. देव्हारा, दोन समया, रांगोळी आणि आत पिवळंधमक काहीतरी.

"क गो आत्याबाय, यो कंचा द्येव?"

"देव नाही गं, साहेबांचं..." आत्या फूल ठेवता ठेवता म्हणाली. पण जॉनीनं तेवढ्यात पुढे होऊन फूल तोंडात घेतलं आणि चावू लागला.

"फूल खातंय!" जानकीबाय मागे सरली. "आमचे द्येव निस्ते बगतान, यो जेवतंय गो बाय!"

आत्या तिला समजावायला वळली आणि जाळीचं दार उघडं राहिलं. जॉनी न्याहारी आटोपून बाहेर आला, परातीच्या काठावरून उतरला आणि नानांच्या मांडीवर चढला.

नाना उठले.

म्हणजे काय झालं ते नीट सांगतो. नाना डोळे मिटून बसले होते. मांडीवर काहीतरी काटेरी चढलं. नानांनी डोळे उघडले आणि दुसऱ्या क्षणी ते ओटीच्या मधोमध उभे होते. कोणी हात दिला नव्हता. काठी घोंगडीवरच पडलेली. नानांनी आधी जॉनीकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"अक्का," ते म्हणाले, "मी उभा आहे."

जानकीबायनं भाजीची टोपली तिथेच सोडली, जमिनीवर डोकं टेकलं आणि उठून जी धूम ठोकली ती थेट गावठाणात.

मी नानांना समजावलं. "नाना, इतके दिवस तुमचे गुडघे गरम वाळूपाशी शेकले. वैद्य वाळूच्या पोटलीनं शेकायला सांगतात की नाही? ही उष्णता आहे. आणि उठलात ते दचकून."

"उष्णता?" नाना येरझाऱ्या घालत होते, मुद्दाम, मला दाखवत. "आजवर उष्णता नव्हती का या घरात? चूल काय काल मांडली?"

"तुम्ही कधी चुलीपाशी बसलात?"

"मला शिकवू नकोस. मी उभा आहे तोवर बोलू दे मला." आणि त्यांचा आवाज एकदम कापला. तो मी आजही विसरलेलो नाही.

"मी म्हटलं नव्हतं," आत्या समईत तेल घालत म्हणाली, "त्या लाकडाला सवय आहे."

त्या संध्याकाळी कोपरीचा निम्मा गाव आमच्या अंगणात होता. सांडोबा हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ते सर्वांना माहीत होतं. मग माजिवड्याचे लोक आले, दिव्याचे आले, होड्या करून खाडीपलीकडचे कोळी आले, आणि कल्याणहून तर माणसं आगगाडीनं येऊ लागली. ज्याला त्याला आपल्या हातचं फूल देवानं खाल्लेलं बघायचं असे. जॉनी कोणाला नाही म्हणत नव्हता. त्याचं पोट पायऱ्यांवर टेकू लागलं. ऊन आलं की तो पिवळा होई आणि लोक म्हणत, देव प्रसन्न झाला. ढग आले की काळवंडे आणि लोक घाबरून एकमेकांना विचारत, कोणाचं काय चुकलं? आमच्या घरी इतके नारळ जमले की कुटुंबानं भात सोडून सगळ्यात खोबरं घालून पाहिलं, आणि एक दिवस भातातही घातलं.

मी ओटीच्या पायरीवर उभा राहून एकदा सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. हा सिंधचा सांडा, हा साहेबांचा, नाव जॉनी. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे सायबाला बी पावलाय?"

सगळ्यात कहर म्हणजे एका रविवारी गोविंदराव आले. अंगरखा, उपरणं, हातात नारळ. माझ्याकडे न बघता देव्हाऱ्यापुढे बसले आणि पुटपुटले. मी शेजारीच वाळू पसरत होतो, मला सगळं ऐकू आलं. "सांडोबा, चिंतोपंतांची जागा मला मिळू दे, पितळेची घंटा बांधीन." जॉनीनं त्यांचं जास्वंद खाल्लं. मी त्याला त्या दिवशी वाळू जरा उशिराच दिली.

पण मनातून मी बेफिकीर होतो. साहेब परत येणार, जॉनी गोंडस गुबगुबीत बघणार, त्याला घेऊन जाणार, आणि लोक चार दिवस हळहळून घरी जाणार. जागा कुठे जात नव्हती.

साहेब आले ते बग्गीतून, मागे हमालाच्या डोक्यावर पुण्याहून करून आणलेली काचेची पेटी. अंगणात रांग होती. साहेब सरळ ओटीकडे निघाले तशी जानकीबाय आडवी आली. "सायेब, पायताण काडा." साहेबांनी बूट काढले. मी नेमका विहिरीवरून ओलेत्यानं, हातात गरम वाळूचं घमेलं घेऊन, दात वाजवत येत होतो.

"विष्णुपंत, हे काय आहे?"

"उष्णता, साहेब."

साहेब देव्हाऱ्यापुढे वाकले. दोन्ही समया तेवत होत्या. जॉनी वरच्या पायरीवर पसरला होता, सोन्यासारखा पिवळा, अंगाभोवती झेंडूची माळ, तीही थोडी खाल्लेली.

"जॉनी," साहेब म्हणाले. जॉनीनं मान वर केली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "विष्णुपंत, हा सुखी आहे. हा माझ्यापाशीही इतका सुखी नव्हता."

त्या घडीला मी कायम झालो होतो. फक्त साहेबांनी जाळीला हात घालायला नको होता.

अंगण एकदम चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत आत्या म्हणाली, "साहेब, आंघोळ केलीत का?"

साहेबांना मराठी येत होतं, हा सगळा घोटाळा. त्यांनी हात मागे घेतला. रांगेकडे पाहिलं, कळसाकडे पाहिलं, आणि मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "स्पष्ट सांगावे. हा प्राणी आहे, वा देव आहे?"

आता उत्तर सोपं होतं. सरडा आहे, एवढं म्हटलं की चिंतोपंतांची गादी माझी. मी तोंड उघडलं, आणि मला समोर नाना दिसले. ते रांगेच्या तोंडाशी उभे होते, एकेका म्हाताऱ्याकोताऱ्याला हात देऊन पायरी चढवत होते. ज्यांना उठवायला एक माणूस लागे ते नाना! इतकं आनंदी मी त्यांना माझ्या मुंजीतही पाहिलं नव्हतं. मी 'सरडा' म्हटलं तर ते आहेत तिथेच मटकन बसतील, आणि मग पुन्हा उठायचे नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं.

"साहेब," मी म्हणालो, "तो तुमचाच आहे. पण आता तुमच्या एकट्याचा राहिलेला नाही."

साहेबांनी हमालाला काचेची पेटी पुन्हा बग्गीत ठेवायची खूण केली. मग म्हणाले, "प्रजेच्या धर्मात हात घालू नये अशी राणीसरकारची आज्ञा आहे. मी आज्ञेबाहेर नाही. याचा पुजारी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी ओलेता, उघडा, हातात घमेलं. माझ्याकडे बघून दुसरं काही वाटण्यासारखंही नव्हतं.

"हाच की," आत्या अभिमानानं म्हणाली. "दिवसभर आंघोळी करतो आणि सेवा करतो."

साहेबांनी मला वाकून नमस्कार केला. अगदी मनापासून. "विष्णुपंत, सरकारी सेवकास दुसरी सेवा निषिद्ध आहे. आपण याहून थोर धन्याच्या सेवेत आहात. मी मध्ये येणार नाही." मी 'साहेब, साहेब' म्हणत बग्गीमागे कोपरीच्या फाटकापर्यंत गेलो. पण ओलेत्या माणसानं बग्गीमागे धावावं याचाही लोकांनी काहीतरी वेगळाच अर्थ लावला आणि बरेचजण माझ्यामागे धावू लागले.

त्याच आठवड्यात गोविंदराव कायम झाले. वाजतगाजत आले आणि देव्हाऱ्यापुढे पितळेची घंटा बांधून गेले. सांडोबा नवसाला पावतो हे त्या दिवशी पक्कं झालं. सगळ्या ठाण्यात त्या जागेसाठी त्याच्याकडे मागणं मागायचं राहून गेलेला माणूस मी एकटाच. मी वाळू तापवण्यात होतो.

साहेब पुढे बदली होईपर्यंत दर रविवारी येत. बूट काढून, आंघोळ करून, कोटाच्या खिशात फूल घेऊन. आत्या त्यांना रांगेत उभं करी, पण जॉनीला दोन शब्द इंग्रजीत बोलू देई. नानांचे गुडघे शेवटपर्यंत धड राहिले. तेलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट कोणी काढला तर काठी उगारत. काठीचा तेवढाच उपयोग उरला होता.

हे सगळं स्थिरस्थावर झाल्यावर मी एक दिवस धीर करून आत्याला म्हणालो, "आत्या, सरकारनंच मला पुजारी ठरवलं, त्यापायी माझी जागा गेली. आता निदान सकाळची पूजा तरी मला सांग. इथे तरी कायम होऊ दे."

आत्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या तळहातावर जॉनी बसला होता, पिवळाधमक. सोवळ्यातली आत्या त्याला आता खुशाल हातावर घेत असे.

"तुला अजून समईची वात धड वळता येत नाही," ती म्हणाली. "वाळू गार झाली बघ. आधी आंघोळ कर. कायम व्हायचं पुढे बघू."

मी विहिरीवर गेलो. जॉनी पुढे कितीतरी वर्षं त्या देव्हाऱ्यात सुखानं नांदला, आणि मी त्याच्या पदरी शेवटपर्यंत उमेदवारच राहिलो.